ब्रदर पास्कल मीठ मागत नाहीत

ब्रदर पास्कल यांनी गेल्या एक्केचाळीस वर्षांत कोणाकडेही मीठ मागितलेलं नाही. मीठच काय, पाणी, पोळी, पंखा, पेन, गोळी, रजा, काहीच नाही. समोर आलं तर घेतात, नाही आलं तर त्यावाचून जेवतात आणि वर तासभर गप्पा मारतात. हो, गप्पा. ब्रदर अबोल आहेत असा कोणाचा समज होऊ नये. पेरू, पाऊस, गुडघे, पाण्याची टाकी आणि माकडं या पाच विषयांवर ते सकाळपासून दुपारपर्यंत बोलू शकतात. फक्त "मला अमुक हवं आहे" हे एक वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही.

ते राहतात ती जागाही सांगायला हवी. बडोद्यात, समाच्या पुढे, जिथे पूर्वी शेतं होती आणि आता सोसायट्या आहेत, तिथे आंब्याच्या झाडांत एक ख्रिस्ती ध्यानकेंद्र आहे. तीन, पाच किंवा आठ दिवस मौन पाळायला लोक तिथे येतात. ख्रिस्ती येतात, हिंदू येतात, घरच्यांना कंटाळलेलेही येतात. फाटकावर नावाची पाटी आहे, पण रिक्षावाल्यांना त्या नावाने काही कळत नाही. "मूंगो बंगलो", म्हणजे मुका बंगला म्हटलं की बरोबर दारात आणून सोडतात. या मुक्या बंगल्यातला सर्वांत बोलका माणूस म्हणजे आमचे ब्रदर.

मी तिथली नव्हे. आमच्या घरी देव्हारा आहे, गणपती बसतात. बावीस वर्षं मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, त्यामुळे यादी केल्याशिवाय मला भाजीलाही जाता येत नाही. ब्रदरांची ओळख झाली ती पुरात. विश्वामित्री नदी चढली आणि आमच्या सोसायटीत कमरेएवढं पाणी आलं. केंद्र जरा उंचावर, म्हणून आम्ही तीस-चाळीस माणसं तिथल्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. माझ्या हातात यादी होती. कोणाच्या घरचे किती आले, कोण राहिलं, सासूबाईंच्या गोळ्या, आधार कार्डं, टॉर्च. मी प्रत्येकाला विचारत फिरत होते.

ब्रदर कोणालाच काही विचारत नव्हते. कोपऱ्यात एक तरुण मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्यांनी दोन खुर्च्यांवर चादर टाकून तिला आडोसा केला. एक आजोबा ओले बूट काढत नव्हते. त्यांच्या शेजारी कोरडे मोजे येऊन पडले. मग ब्रदर माझ्याकडे आले, हातातली यादी काढून घेतली, तिच्या जागी चहाचा कप दिला आणि म्हणाले, "सगळे आले, ताई. आता तुम्ही या."

मी बसले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा रडले. त्या चहाचे उपकार माझ्यावर अजून आहेत.

पाणी ओसरल्यावर मी दर गुरुवारी केंद्रात जाऊ लागले. चादरींचं कपाट लावलं, किल्ल्यांना नंबर दिले. आणि हळूहळू ब्रदरांचं कोडंही उलगडलं.

केंद्र सुरू करणाऱ्या परदेशी फादरांनी जेवणाचा एक नियम घालून दिला आहे. मौनात असताना स्वतःसाठी काही मागायचं नाही, खुणेनेसुद्धा नाही. आपल्या ताटाकडे बघायचं नाही, शेजाऱ्याच्या ताटाकडे बघायचं आणि त्याला काय हवं ते वाढायचं. इतर लोक हा नियम आठ दिवस पाळतात आणि घरी जाऊन विसरतात. ब्रदर तरुणपणी इथे आले, त्यांनी तो पाळायला घेतला आणि मग थांबलेच नाहीत.

"मागितलं की समोरच्याचं पुण्य जातं, ताई," हे त्यांचं वाक्य. "तो बघणारच होता, तुम्ही मधेच तोंड घातलं. बरोबर ने?" हा "ने" म्हणजे आपला "ना", गुजरातीतून त्यांना चिकटलेला.

या नियमाचे ते पहारेकरीही आहेत. एकदा एक फॅक्टरी मॅनेजर आठ दिवसांच्या मौनाला आले. त्यांच्या शेजारी बसायचे एक प्रोफेसर, जे डोळे मिटून जेवत. पहिल्या दिवशी मॅनेजरांना भाजी मिळाली नाही, दुसऱ्या दिवशी ताक मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताटावर चमचा वाजवला. ब्रदर उठले आणि चमचा घेऊन गेले. चौथ्या दिवशी काय झालं कोणास ठाऊक, मॅनेजरांनी आपणहून प्रोफेसरांच्या ताटात लोणचं वाढलं. प्रोफेसरांनी डोळे उघडले. आता दोघं दर वर्षी जोडीने येतात आणि एकमेकांना इतकं वाढतात की स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सिस्टर मंजुला वैतागतात.

केंद्रात हे ठीक. पण ब्रदर गावातही तसेच वागतात. मांडवीजवळ रमणकाकांचं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथे मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते.

"केम ब्रदर, आजे शुं तूट्युं?" आज काय तुटलं, काकांनी विचारलं.

ब्रदरांनी खिशातून नळाचा एक झिजलेला वायसर काढून काउंटरवर ठेवला आणि पेरूवर बोलायला सुरुवात केली. काकांनी एक वायसर आणला. ब्रदर पेरूवरच. दुसरा आणला. ब्रदर माकडांवर आले. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. तिसरा वायसर बरोबर निघाला, तेव्हा ब्रदरांनी तो उचलला, पैसे ठेवले आणि "आवजो" म्हणून निघाले.

"बेन," काका मला म्हणाले, "आ माणस मने रोज परीक्षामां बेसाडे छे." हा माणूस मला रोज परीक्षेला बसवतो. तक्रार होती, पण चेहरा पास झालेल्या मुलासारखा होता.

डॉक्टरांकडे तर कहरच. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? ब्रदर म्हणाले, "तुम्ही शिकलेले, तुम्ही बघा."

"अहो ब्रदर, जनावरांचे डॉक्टरसुद्धा निदान मालकाला विचारतात!"

"मग मालकाला विचारा," ब्रदर वर बोट दाखवून म्हणाले.

डॉक्टरांनी डोक्यापासून तपासायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासाने गुडघ्यापाशी पोहोचले.

सिस्टर मंजुला आणंदकडच्या. त्यांच्या हातची डाळ म्हणजे गुळाची नदी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कौतुकाने सांगितलं होतं, "अमारा ब्रदरने गळी दाळ बहु भावे!" गोड डाळ फार आवडते म्हणून त्यांना रोज एक वाटी जास्त. मला शंका आली, कारण ब्रदर मूळचे नगर जिल्ह्यातले, प्रवरेच्या काठचे. मी पुढच्या गुरुवारी घरून हिरव्या मिरचीचा ठेचा नेला आणि बाटली न बोलता त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. ब्रदरांनी बाटलीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग अर्धी बाटली डाळीत ओतली, कपाळावरून घाम निथळेपर्यंत जेवले आणि म्हणाले, "पाऊस येणार बहुतेक."

सिस्टर दारात उभ्या होत्या. "एकवीस वर्षं, ब्रदर! एकवीस वर्षं मी गूळ घालते आहे! एकदा तरी सांगायचं!"

"तुम्ही इतक्या प्रेमाने घालत होता," ब्रदर म्हणाले, "मोडायचं कसं?"

हा प्रसंग मी हसून सगळ्यांना सांगत असे. त्यातून काही शिकायला हवं होतं हे माझ्या लक्षात आलं नाही.

केंद्राला पन्नास वर्षं होणार म्हणून एक पुस्तक काढायचं ठरलं. केंद्राचे प्रमुख फादर विनोद यांनी मला बोलावलं. "वसुधाबेन, इतिहास तमे लखो, तुम्हीच लिहा. तुमच्या यादीतून काही सुटत नाही." मी जुन्या वह्या, फोटो, पत्रं तारखेप्रमाणे लावली. पण वह्यांमध्ये पाहुण्यांची नावं होती, राहणाऱ्यांचं काहीच नव्हतं. ते सगळं ब्रदरांच्या डोक्यात. त्यांच्याकडून कळलं की पहिलं ध्यानशिबिर आंब्याच्या राखणदाराच्या खोपटात झालं, पाच माणसांचं. कळलं की एके काळी इथे बारा जण कायमचे राहत. एक ब्रदर सुतारकाम करत आणि त्यांनी केलेलं प्रत्येक टेबल जरासं डुलत असे. एक सिस्टर मधमाश्या पाळत आणि त्यांच्याशी मल्याळममध्ये बोलत. कोणी देवाघरी गेलं, कोणाची बदली झाली, नवीन फारसं कोणी आलं नाही. आता तिघंच उरले, फादर, सिस्टर आणि ब्रदर.

"मौन का सुरू झालं, सांगू?" ब्रदर म्हणाले. "केंद्र काढलं त्या म्हाताऱ्या फादरांना गुजराती येत नव्हती आणि आलेल्यांना त्यांची इंग्रजी कळत नव्हती. मग म्हणाले, गप्प बसू."

फादर विनोदांनी हे वाक्य हस्तलिखितातून दोनदा खोडलं. मी दोनदा परत घातलं.

राहून गेलेल्या आणि अजून राहणाऱ्या सगळ्यांचा मी एक तक्ता केला. नाव, जन्मगाव, काम, किती वर्षं राहिले. तो तक्ता लक्षात ठेवा, कारण मी नाही ठेवला.

मग पत्र आलं. संस्थेच्या वरिष्ठांनी लिहिलं होतं की ब्रदर पास्कल आता चौऱ्याहत्तर वर्षांचे झाले, गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा त्यांनी विश्रांतीसाठी संस्थेच्या वृद्धांच्या घरी जावं. खाली त्या घराचा पत्ता. फादरांनी ते जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. ब्रदरांचे डोळे भरून आले. आम्ही तिघांनी ते पाहिलं. सिस्टर पदराशिवायच्या त्या पांढऱ्या झग्याला डोळे पुसत आत गेल्या. ब्रदर म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "पेरूला यंदा कीड आहे."

"एक्केचाळीस वर्षांनी माणसाला असं मुळासकट उपटायचं?" मी फादरांना म्हटलं. "आणि ते तोंडाने कधी म्हणणार नाहीत की मला राहू द्या."

"तो आपणे कहीशुं," फादर म्हणाले. आपण म्हणू.

त्याच दुपारी मी यादी केली. रमणकाकांनी सही दिली आणि दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाची घेतली. डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलं की रुग्णाची प्रकृती, जेवढी कळू शकली तेवढी, उत्तम आहे. मॅनेजर आणि प्रोफेसर यांनी एकच पत्र दोघांनी मिळून लिहिलं. पुरातली ती बाळाची आई आता बडोद्यातच अकोट्याला राहते, तिने पानभर लिहून पाठवलं. मी सगळं फाईलला लावलं आणि वर माझ्या हाताने एक पत्र जोडलं. त्यात एक वाक्य होतं, "ब्रदरांची स्वतःचीही हीच इच्छा आहे."

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. एवढ्या लोकांना ब्रदर हवे असतील तर खुशाल राहू द्या. सिस्टरांनी पेढे केले. रमणकाका पहिल्यांदाच केंद्रात आले आणि मौनवाल्यांच्या देखत मोठ्याने "वाह ब्रदर!" ओरडले. ब्रदरांनी एक पेढा खाल्ला, सगळ्यांना हात जोडले, म्हणाले, "फार केलंत तुम्ही सगळ्यांनी." त्या दिवशी ते पेरूवर काही बोलले नाहीत. दमले असतील, असं मी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तकाची प्रुफं दाखवायला मी त्यांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. भिंतीशी एक ट्रंक, दोरीने आडवी-उभी बांधलेली. तिच्यावर वळकटी, वळकटीत छत्री खोचलेली. फळीवर काही नाही, खुंटीवर एक टॉवेल. दोरीच्या गाठीवर धूळ बसली होती. बावीस वर्षं स्टोअरमध्ये काढल्यावर बांधलेल्या मालाकडे बघून एवढं नक्की कळतं, हा आलेला नाही, हा जायचा आहे.

"ब्रदर, हे कधी बांधलं?"

"पत्र आलं त्या दिवशी."

"म्हणजे तुम्हाला जायचं होतं?"

ब्रदर गप्प बसले. मुक्या बंगल्यात मी त्यांना गप्प बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"अक्का आहे तिकडं," मग ते म्हणाले. "माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, तिनंच वाढवलं. गावात भाच्याकडं असती. संस्थेचं ते घर आहे ने, तिथनं चालत अर्धा तास."

"आणि हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही?"

"दोन वर्षं झाली, तिला दिसत नाही आता. भाचेसून चांगली आहे, पण शेतात जाती. दिवसभर एकटीच बसती म्हणे. तहान लागली तरी हाक मारत नाही." ते ट्रंकेवरची धूळ बोटाने पुसत होते. "अक्का मागत नाही, ताई. मी तिच्याकडंच शिकलो. म्हाताऱ्या फादरांचा नियम मला इथं येऊन सोपा वाटला, तो त्याच्यामुळं."

मी खुर्चीवर बसले. पत्र ऐकून ब्रदरांचे डोळे भरून आले होते ते आनंदाने. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून सहा आठवडे डाळीत गूळ घातला होता.

घरी आल्यावर मी फाईल उघडली. माझ्या तक्त्यात ब्रदरांचं जन्मगाव, तालुक्यासकट, माझ्याच अक्षरात. त्याच्या मागच्याच कागदावर वरिष्ठांचं पत्र, तोच तालुका. दोन्हींना मीच भोकं पाडली होती.

मी फादरांना सांगून मोकळी झाले असते. पण वर जे गेलं होतं ते माझ्याच हातचं. ब्रदरांची इच्छा मी एकदा परस्पर लिहून बसले होते, आता दुसऱ्यांदा लिहिली तर कोण विश्वास ठेवणार? आता त्यांचाच शब्द हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तसं त्यांना सांगितलं.

"नको ताई. मागितलं की फादरांचं पुण्य—"

"फादरांचं गेलं, सिस्टरांचं गेलं आणि माझं तर मुळीच उरलं नाही," मी म्हटलं. "रोज समोर होतात आणि आम्ही बघितलं नाही. आता अक्कांना पाणी कोण देणार आहे ते ठरवा आणि चला."

फादर ऑफिसात होते. ब्रदर टेबलासमोर उभे राहिले आणि पाण्याच्या टाकीवर बोलू लागले. टाकी झाली, माकडं झाली. फादर माझ्याकडे बघू लागले. मी खोकले. ब्रदर थांबले. दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. ते सुतार ब्रदरांचं टेबल होतं, ते डुललं.

"फादर," ते म्हणाले, "मला जायचंय. माझ्या बहिणीकडं. मला... मला जाऊ द्या."

फादरांनी चष्मा काढला. मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण बघत ब्रदरांकडेच होते.

"एकताळीस वरसमां," ते हळू म्हणाले, "आटलुंज माग्युं, ब्रदर?" एवढंच मागितलंत?

मग फोन उचलला. वरिष्ठ पलीकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण फादर तीन वेळा म्हणाले, "भूल अमारी छे," चूक आमची आहे. परवानगी मिळाली. सह्या करणाऱ्या प्रत्येकाला मी कळवलं. रमणकाकांचा फोन आला, सही केलेली परत कशी घेतात, असा कुठे कायदा आहे का. मी कारण सांगितलं. संध्याकाळी त्यांनी केंद्रात एक पुडकं पाठवलं. आत वेगवेगळ्या मापांचे वायसर होते, गावाकडे नळ असतोच म्हणून.

त्या आठवड्यात केंद्रात मौनाचं शिबिर होतं, फादर आणि सिस्टर निघू शकत नव्हते. ब्रदरांबरोबर मी गेले. पहाटे भाड्याची गाडी, ट्रंक मागे, सिस्टरांनी दिलेला डबा पुढे. सापुताऱ्याच्या घाटापर्यंत ते बोलत होते. महाराष्ट्र लागल्यावर बोलणं कमी होत गेलं. मी मनातल्या मनात एक यादी करत होते. पुस्तकात या माणसाचे कशाकशासाठी आभार मानायचे, त्याची. कोरडे मोजे, आडोशाची चादर, एक कप चहा, मला गुरुवार दिला, बघायला शिकवलं, निदान थोडंसं. नाशिक मागे पडलं तरी ती संपली नव्हती.

गावात पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आधी अक्कांकडे जायचं, हे न बोलता ठरलेलं होतं. पत्र्याच्या घरापुढे, पडवीच्या खांबाला टेकून एक बारीकशी म्हातारी बसली होती. गाडीच्या आवाजाने तिने मान वळवली, ती आमच्याकडे नाही, जरा बाजूला.

ब्रदर उतरले. मला वाटलं आता हाक मारतील. ते गुडघ्यांवर हात टेकत गेले आणि तिच्या पायाशी पायरीवर बसले. अक्कांनी हात पुढे केला. तो त्यांच्या डोक्यावर पडला. तिथेच थांबला, मग कपाळापासून मानेपर्यंत फिरला आणि हळूहळू परत वर आला.

"गेल्या टायमाला चार केस होते रं," त्या म्हणाल्या. "ते बी घालवले व्हय?"

"बडोद्याला राहिले, अक्का," ब्रदर म्हणाले.